डोलनेक किल्ल्यातला रिकामा कोनाडा

१

असं करा, क्षणभर डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एक दगडी जिना चढा. जिना अरुंद आहे, गोल गोल वर जातो. भिंत ओली आहे; टेकायला हात लावलात तर तळव्याला गार लागेल. खाली कुठंतरी नदी आहे. ती दिसत नाही, पण ऐकू येते. नेहमीची खळखळ नव्हे हं. एखादं मोठं जनावर झोपेत घोरावं तसा तो आवाज आहे, जड आणि न थांबणारा.

आता डोळे उघडा. तुम्ही डोलनेक किल्ल्यात आहात. भिंतीतल्या चिरेतून खाली पाहिलंत तर मोझेल नदी दिसेल. पण नदी कुठं संपते आणि लीअरबाख गाव कुठं सुरू होतं, ते सांगता येणार नाही. तपकिरी पाण्यातून घरं कमरेपर्यंत बुडालेल्या माणसांसारखी उभी आहेत. रस्त्यांतून होडी फिरते आहे.

तो फेब्रुवारी महिना होता. डोंगरांवरचा बर्फ वितळला आणि त्यावर पाऊस कोसळला. दवंडीवाला हातात घंटा घेऊन गल्लीगल्लीतून ओरडत गेला होता, "वरच्या अंगाला, ट्रियरला पाणी चढतंय! तळघरं सांभाळा!" मग दिवसभर गाव किल्ल्याची चढण चढत राहिलं. गाद्या, बटाट्यांची पोती, शिवणयंत्रं, शेळ्या. धडधाकट माणसं आपापल्या घरांच्या वरच्या मजल्यांवर राहिली. पोरं आणि म्हातारी माणसं किल्ल्यात आली. शाळा तर पाण्यातच होती, म्हणून शाळेच्या थेक्लाबाईही वर आल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी पोरांचे चेहरे पाहिले. सगळी नदीचा आवाज ऐकत बसली होती.

"उठा," बाई म्हणाल्या. "घाबरत बसायचं तर फिरत फिरत घाबरू. लोनी, किल्ला दाखव आम्हाला."

लोनी अकरा वर्षांची. तिचं खरं नाव आपोलोनिया, पण त्या नावानं तिला फक्त पाद्रीबाबा हाक मारायचे. तिचे आजोबा क्विरिन शाफ किल्ल्याचे राखणदार होते. आजोबा आणि नात दोघंच दरवाजावरच्या बुरुजात राहत. लोनीला दुसरं घर नव्हतं, दुसरं माणूसही नव्हतं.

तिनं मोठ्या ऐटीत पोरांना फिरवलं. सरदारांचं दालन दाखवलं, काळं पडलेलं स्वयंपाकघर दाखवलं, विहीर दाखवली.

"हिच्यात कोणी पडलंय का गं?" एका पोरानं वाकून विचारलं.

"पडलं असतं तर सकाळी तू तिचं पाणी प्यायला असतास का?"

पोरं हसली. मग ती प्रार्थनाघरात शिरली आणि लोनीचं हसू तिथंच थांबलं.

आत भिंतीला लावून गावाच्या गाद्या रचल्या होत्या. त्यांच्या वर, वेदीच्या डाव्या हाताला, एक कोनाडा होता. त्या कोनाड्यात संत निकोलाउसची लाकडी मूर्ती असायची. हातभर उंच, नाक झिजलेली, नावाड्यांचा आणि नदीकाठच्या सगळ्यांचा रक्षणकर्ता. पूर चौकातल्या कारंज्यावर चढला की मूर्ती खाली न्यायची, तिचे पाय पाण्याला लावायचे आणि तिला परत वर आणायचं, अशी लीअरबाखची रीत होती. पाणी मग ऐकतं, असं म्हणत. आज संध्याकाळीच मूर्ती खाली न्यायची होती.

कोनाड्यात धुळीची एक कड होती आणि मधोमध स्वच्छ गोल जागा. बाकी काही नव्हतं.

"निकोलाउसबाबा पाणी बघायला गेले का?" सगळ्यांत लहान पोरानं विचारलं.

यावेळी कोणीच हसलं नाही.

२

दुपारी वेन्डेल नावाड्याची होडी चढणीच्या पायथ्याला लागली. त्यातून एवाल्ड त्सेन्स उतरला. त्सेन्स म्हणजे गावातला सगळ्यांत जाणता द्राक्षबागाईतदार. त्याच्या तळघरातली वाईन कोब्लेन्झपर्यंत जायची. किल्ल्याच्या समितीचा तो प्रमुख होता आणि पुरात मूर्ती खाली नेण्याचा मानही त्याचाच.

त्यानं रिकामा कोनाडा पाहिला आणि छातीवर क्रुसाची खूण केली.

"क्विरिन," तो म्हणाला, "किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडे. पण परवा दिवसभर दार उघडं होतं. तुमच्याच गाद्या आत रचत होतो मी."

"म्हणजे तू दिवसभर आतच होतास."

"आत होतो, बाहेर होतो, चढणीवर होतो. पाठीवर झिबिलाचा पलंग होता माझ्या! मूर्तीकडे बघायला मान तरी वळत होती का?"

"शरद ऋतूत तो कोलोनचा लाम्प्रेश्ट आला होता. त्यानं तुझ्याकडे मूर्ती विकत मागितली. खरं की खोटं?"

"सगळ्यांदेखत मागितली. मी हसलो त्याला."

"हसलास," त्सेन्स हळू आवाजात म्हणाला. "पण नाही म्हणाला नव्हतास."

लाम्प्रेश्ट तर या घडीला किल्ल्यातच होता. जुन्या वस्तूंचा हा व्यापारी चार दिवसांसाठी म्हणून आला होता आणि पुरात अडकला होता. लोकांनी दोन आणि दोन जोडले.

त्सेन्स पुन्हा होडीत बसला. गावची सभा भरवायला कोरडी जागाच नव्हती, म्हणून तो खिडकी-खिडकीखाली गेला. लोक वरच्या मजल्यांतून बाहेर वाकले. राखणदार बदलायचा की नाही, एवढंच विचारायचं होतं. पहिला हात वर झाला तो झिबिलाचा. हो, तिचाच, जिचा पलंग क्विरिननं वाहिला होता. मग पुढची खिडकी, मग त्याच्या पुढची.

संध्याकाळी निर्णय वर आला. पाणी कारंज्याखाली उतरलं की क्विरिन शाफनं किल्ल्या द्यायच्या आणि बुरूज सोडायचा. नवा राखणदार त्सेन्सचा मेहुणा सेवेरिन.

"आजोबा, तुम्ही काही बोलत का नाही?" लोनीनं विचारलं.

म्हातारा दरवाजाच्या पायरीवर बसला होता. "ज्यांची ओझी वाहिली ते चोर म्हणतायत. आता त्यांना काय सांगू, ओझी जड होती म्हणून?"

"आपण कुठं जायचं?"

आजोबांनी कमरेच्या किल्ल्या सोडून मांडीवर ठेवल्या. खाली नदी घोरत होती, आणि लोनीला पहिल्यांदाच वाटलं की पाणी उतरूच नये.

३

थेक्लाबाईंना एक सवय होती. गणित सुटलं नाही की त्या पोराला उत्तर सांगत नसत, प्रश्न बदलून देत. त्या लोनीजवळ येऊन बसल्या.

"मूर्ती कोणी नेली, हा प्रश्न फार मोठा आहे. लहान करू या. पुराच्या दिवशी माणसं किल्ल्यात वर येताना कशी येतात?"

"ओझं घेऊन."

"आणि खाली जाताना?"

"रिकाम्या हातानं. पुढचं ओझं आणायला."

"मग हातभर मूर्ती घेऊन जाणारा माणूस कोणता?"

लोनीनं विचार केला. "जो भरल्या हातानं खाली गेला तो! नाहीतर मूर्ती अजून इथंच आहे."

"चल, विचारू या."

आधी लाम्प्रेश्ट. त्याच्या खोलीत एक भलीमोठी पेटी होती आणि तो तिच्यावरच बसला होता.

"ही माझी खासगी पेटी आहे," तो म्हणाला. "मी कोलोनचा प्रतिष्ठित माणूस आहे."

"म्हणूनच विचारतेय," बाई म्हणाल्या. "अप्रतिष्ठितांच्या पेट्या आम्ही न विचारता उघडतो."

लोनीनं नाक वर केलं. हुंगलं. पुन्हा हुंगलं. "बाई, ह्या पेटीला धुराड्यातल्या मांसाचा वास येतोय."

लाम्प्रेश्ट लाल झाला. पेटी उघडली तेव्हा आत धुरावलेल्या मांसाची एक आख्खी मांडी, लोणी आणि कॉफीची पुडकी निघाली. सगळा किल्ला बटाट्याच्या पातळ सूपवर दिवस काढत होता, आणि हा माणूस दार लावून मेजवानी करत होता.

"मूर्ती मला हवी होती, कबूल," तो पुटपुटला. "पण अहो, चोरून नेऊ कुठं? चारी बाजूंनी पाणी!"

"बरोबर बोललात," बाई म्हणाल्या. "उद्यापासून सूपला जरा चव येईल. आभारी आहोत."

मग वेन्डेल. तो होडीत बसून पाइप ओढत होता.

"संत माझ्या होडीत? आला असता तर दुप्पट भाडं मागितलं असतं, बाई. एवढा मोठा माणूस!"

"नदीपार कोणाला नेलंस का?"

"ह्या प्रवाहात? मला जीव नकोसा झालेला नाही. दवंडी झाली तेव्हाच तर बांधून टाकली. आता फक्त गल्ल्यांतून फिरतो. पलीकडची माझी शेवटची फेरी जानेवारीतली. त्सेन्सचं एक पिंप रिकामं झालं, ती वाईन पोचवली. त्यानंतर पलीकडे चिमणी नाही गेली."

"म्हणजे मूर्ती ह्याच काठावर आहे," लोनी म्हणाली.

"पोरगी हुशार आहे. आजोबांवर गेली नाही." मग तिचा चेहरा पाहून तो ओशाळला. "अगं, गंमत केली. मी हात वर केला नव्हता, माहितीये ना? होडी वल्हवत होतो म्हणून नव्हे. करणारच नव्हतो."

"वेन्डेल," बाईंनी विचारलं, "परवा चढणीवरून ओझं घेऊन खाली कोण आलं?"

"त्सेन्स आला की. पाठीवर द्राक्षांची टोपली, तीत लाकडाचे ठोकळे. किल्ल्यातून टेकू नेले म्हणाला, पिंपांना लावायला. त्यात काय! बागाईतदाराला पुरात दुसरं काय सुचतं?"

४

दुसऱ्या दिवशी बाई आणि लोनी पावाच्या टोपल्या घेऊन वेन्डेलच्या होडीत बसल्या. घराघरांतून दोऱ्या खाली येत, त्यांना पाव बांधायचा आणि दोरी वर जायची. लोनीच्या हातचा पाव घेताना लोक तिच्याकडे बघत नव्हते.

नदीलगतच्या गल्लीत होडी वळली आणि लोनीच्या अंगावर काटा आला.

धप्.

पाण्याखालून आवाज आला. मग शांतता. एक लाट गल्लीतून सरकत गेली आणि पुन्हा तसाच आवाज.

धप्. धप्.

"रात्रभर चाललंय हे," वरच्या खिडकीतून झिबिला म्हणाली. तिनं शाल हनुवटीपर्यंत ओढून घेतली होती. "मागच्या पुरात बुडालेला कोणीतरी आपलं दार शोधतोय. संताला पाण्यावर आणलं नाही ना, म्हणून. आणि कोणामुळं आणलं नाही, ते..." तिनं लोनीकडे पाहिलं आणि वाक्य अर्धंच ठेवलं.

आवाज त्सेन्सच्या घराखालून येत होता. तळघर गच्च भरून पाणी वरच्या दालनातही गुडघाभर शिरलं होतं. त्सेन्स वरच्या मजल्याच्या खिडकीत उभा होता. त्याचे डोळे सुजलेले होते.

"एवाल्ड, हे काय ठोकतंय?" बाईंनी विचारलं.

"ओंडका असेल. नदीतनं शिरलाय तळघराच्या खिडकीतनं."

"तुमची पिंपं ठीक आहेत ना?"

"देवाच्या दयेनं. टेकू लावलेत सगळ्यांना, छतापर्यंत." तो जरा थांबला, आणि मग त्याच्या आवाजात कडवटपणा आला. "दर पुराला हेच, बाई. दर पुराला काही ना काही फुटतं. आणि वर किल्ल्याखाली खडकात खोदलेलं एवढं मोठं कोरडं तळघर रिकामं पडलंय! किती वर्षं मागतोय मी. पण ह्या पोरीचा आजा किल्ली देत नाही."

"छताला भेग पडलीय," लोनी म्हणाली. "आजोबा म्हणतात, ते माणसावर कोसळेल."

"तुझे आजोबा छताला भितात, पोरी. मी पाण्याला भितो. छत एकदाच पडतं. पाणी दरवर्षी येतं."

धप्, आवाज आला. त्सेन्सनं खिडकीची चौकट घट्ट धरली.

होडी पुढं गेली. लोनी मागे वळून पाहत होती. त्या घराच्या पायाशी, पाण्याखाली जेमतेम, तळघराच्या खिडकीचा वरचा कोपरा दिसत होता.

"बाई," ती हळूच म्हणाली, "त्या खिडकीला लोखंडी गज आहेत. मांजर गेलं तर अंग चोरून जातं. ओंडका आत कसा गेला?"

५

किल्ल्यात परतल्यावर बाईंनी धुण्याचं घंगाळ पाण्यानं भरलं आणि पोरांना भोवती बसवलं. एक लाकडी पेला त्यांनी पाण्यावर ठेवला. तो डुलत राहिला.

"दाबा ह्याला खाली."

पोरानं बोटानं दाबला. सोडला की मग उसळी मारून वर.

"आता हाच पाण्यानं भरा."

भरलेला पेला जेमतेम काठ दाखवत पाण्यात पडून राहिला. बोट ठेवलं की निमूट खाली जात होता.

"दवंडी झाली की तुमचे बाबा तळघरात काय करतात?"

सगळी एकदम ओरडली. "पिंपांना टेकू लावतात!"

"आणि रिकाम्या पिंपाचं काय करतात?"

"पाण्यानं भरतात!" सगळ्यांत लहान पोरगाही ओरडला. "आमच्याकडे मी दार उघडं धरतो आणि बाबा बादल्या ओततात."

तुम्हाला सांगायला हवं, तिथल्या मोठ्या पिंपांना पुढच्या बाजूला एक छोटं दार असतं. कापणीआधी एखादं किडकिडीत पोर त्यातून आत शिरून पिंप घासतं. दार स्क्रूनं आवळतात आणि फटीला चरबी लावतात, की थेंबही आत-बाहेर होत नाही.

"का भरतात?" बाईंनी विचारलं.

"नाहीतर ते टेकू उडवून लावतं आणि तरंगतं. आणि छताला..."

पोराचं वाक्य पुरं झालं नाही. लोनी उभी राहिली होती.

"धडका मारतं," ती म्हणाली. "छताला धडका मारतं! बाई, ते रिकामं पिंप आहे. त्सेन्सकाकांचं जानेवारीत रिकामं झालेलं."

"सावकाश. लीअरबाखचं एवढंसं पोर जे जाणतं, ते गावातला सगळ्यांत जाणता बागाईतदार विसरला?"

"विसरला नाही." लोनीनं त्या पेल्याकडे बोट दाखवलं. "त्यानं मुद्दाम भरलं नाही. आत असं काहीतरी आहे की ज्याला पाणी लागता कामा नये. आणि तो टोपली घेऊन खाली आला होता. आणि आजोबा गेले की राखणदार सेवेरिन. म्हणजे कोरड्या तळघराची किल्ली..."

ती बोलायची थांबली, कारण खालून कोणीतरी ओरडत होतं. चढणीवर उभं राहून वेन्डेल हात हलवत होता.

"उतरतंय! पाणी उतरायला लागलंय!"

पोरांनी आनंदानं टाळ्या पिटल्या. लोनीनं बाईंकडे पाहिलं. पाणी उतरलं की त्या तळघरात पहिला कोण उतरणार होता, ते दोघींना ठाऊक होतं. त्यानंतर पिंपात काहीच सापडलं नसतं, आणि आजोबांच्या हातात किल्ल्या उरल्या नसत्या.

६

त्सेन्सच्या घराचा दरवाजा बैलगाडी जाईल एवढा रुंद होता. बाई आणि लोनीला घेऊन वेन्डेलनं होडी सरळ दालनात घातली. द्राक्षं पिळायच्या यंत्राचा सांगाडा पाण्यातून वर आला होता. त्याच्या मागं तळघराची झडप होती, पिंपं उतरवायची, चांगली ऐसपैस. समोरच्या घरांच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली.

त्सेन्स जिन्यावरून धावत आला आणि गुडघाभर पाण्यात उभा राहिला. "हे काय चाललंय?"

"तुझी मदत चाललीय," वेन्डेल म्हणाला. "लोकांना झोप नाही तुझ्या ओंडक्यापायी."

त्यानं झडप उघडली, लांब आकडा आत घातला, चाचपडला, ओढला. काळ्या पाण्यात काहीतरी हललं. मग चिखलात बसलेला बैल उठावा तशी एक गोल, ओली पाठ झडपेतून वर आली.

"ओंडक्याला लोखंडी पट्ट्या आहेत की!" वेन्डेलनं होडीतलं गिरमिट उचललं. "एक भोक पाडतो. पाणी भरेल, तळाशी बसेल. उरलेली पिंपं तरी वाचतील तुझी."

"भोक नको!" त्सेन्स ओरडला. "माझ्या आजोबांच्या वेळचं ओकचं पिंप आहे ते."

"बरोबर आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "चांगल्या पिंपाला भोक कशाला? वेन्डेल, पिंप फिरव आणि दार पाण्याखाली घे. मग स्क्रू सैल कर. आपोआप भरेल. बिघडणार काहीच नाही. हो ना, एवाल्ड?"

त्सेन्सची नजर पिंपाच्या छोट्या दारावर खिळली. कोणताही बागाईतदार आनंदानं मान हलवेल अशी ही गोष्ट होती. समोरच्या खिडक्यांतले लोक वाट बघत होते. वेन्डेलनं पिंप फिरवलं. छोटं दार पाण्याखाली गेलं. त्यानं बाही वर सारली, हात पाण्यात घातला, स्क्रूची मूठ धरली.

"थांब!" त्सेन्स पाणी उडवत पुढं आला. "थांब, तो बुडेल!"

"तो कोण?" बाईंनी विचारलं. "पिंप तर आपल्याला बुडवायचंच आहे."

त्सेन्सनं दोन्ही हात पिंपावर ठेवले आणि त्याचं डोकं खाली गेलं.

"त्याचे पाय दर पुराला मीच ओले केले," तो म्हणाला. "बुडवू कसा मी त्याला? सेवेरिनच्या हाती किल्ल्या आल्या की मी मूर्ती परत ठेवणार होतो. देवाशपथ. लोकांना वाटलं असतं, चमत्कार झाला. मला फक्त ते तळघर हवं होतं, बाई. वर नेऊन दुसरीकडे ठेवायला वेळच मिळाला नाही, पाणी एवढं भरभर चढलं. टेकू लावले होते मी. चार लावले."

"रिकाम्या पिंपाला टेकू पुरत नाही," लोनी म्हणाली. "हे तुम्हीच शिकवता सगळ्यांना."

वेन्डेलनं दार पुन्हा वर आणलं आणि उघडलं. आत अंधार होता आणि जुन्या वाईनचा आंबूस वास. तिथल्या माणसांपैकी त्या दारातून एकटी लोनीच जाऊ शकत होती. ती होडीच्या टोकावर पालथी झाली, आधी हात, मग डोकं, मग कमरेपर्यंत आत गेली. वेन्डेलनं तिचे घोटे धरून ठेवले. पिंप डुललं. झिबिलानं खिडकीतून किंकाळी फोडली.

लोनी बाहेर आली तेव्हा तिच्या केसांना चरबी लागली होती आणि कुशीत लोकरीच्या फडक्यात गुंडाळलेली मूर्ती होती. ती कोरडी ठणठणीत होती. झिजलेलं नाक तसंच.

त्सेन्सनं सवयीनं दोन्ही हात पुढं केले. मूर्ती न्यायचा मान इतकी वर्षं त्याचाच होता.

लोनीनं मूर्ती दिली नाही. ती होडीत नीट बसली, मूर्ती मांडीवर घेतली आणि समोरच्या फळीकडे बोट दाखवलं.

"बसा, काका."

"कुठं जायचंय?"

"ज्या ज्या खिडकीखाली तुम्ही काल गेला होतात, तिथं तिथं."

"मी वर येतो, पोरी. आत्ता येतो. क्विरिनची माफी मागतो, त्याच्या पायरीवर बसून मागतो."

"ते नंतर. आजोबा कुठं जात नाहीत."

"सगळं गाव बघेल गं."

"कालही बघत होतं," लोनी म्हणाली.

त्सेन्सनं थेक्लाबाईंकडे पाहिलं. बाई डोक्याला रुमाल बांधण्यात अगदी गुंग होत्या. गाठ काही केल्या जमत नव्हती. मग त्यानं वेन्डेलकडे पाहिलं. वेन्डेलनं वल्हं बाजूला घेऊन त्याला बसायला जागा करून दिली.

गावातला सगळ्यांत जाणता माणूस ओल्या पायांनी होडीत चढला आणि फळीवर बसला. होडी दालनातून उजेडात आली. गल्लीपलीकडची झिबिलाची खिडकी एव्हाना घाईघाईनं बंद झाली होती.

त्सेन्सनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. लोनीनं त्याची वाट पाहिली नाही. डुलत्या होडीत ती उभी राहिली, मूर्ती एका हातानं छातीशी धरली, मान वर केली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली,

"झिबिलामावशी, खिडकी उघडा! त्सेन्सकाकांना तुम्हाला काही सांगायचंय!"